कुंकू लागलेला प्रोसेसर

“बटन नका दाबू, पिनांत कुंकू हाय!” मस्तगड भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा असा ओरडला की गल्लीतल्या शेळ्या जागीच थिजल्या. कुंकवाचा करंडा उघडला की आजही मला ती दुपार आठवते. शेअरच्या खरेदी-विक्रीची माझी युक्ती जुन्या भावांवर तपासायला कॉम्प्युटर इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात तुरीला शेंगा धराव्यात. म्हणून नवा प्रोसेसर घेतला, आणि घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूसारखी आईने त्याचीही कुंकू वाहून पूजा केली. आता दुरुस्तीवाला एकेक पीन ब्रशने झाडत होता आणि मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की लाकडात बोटं उमटली. मशीन जळली तर दोन वर्षं खपून लिहिलेला प्रोग्रामही गेला, कारण दुसरी प्रत मी आळसाने ठेवलीच नव्हती. शेवटी त्याने बटन दाबलं. मी डोळे मिटून घेतले. पडदा उजळला, मी भावांची तपासणी सुरू केली आणि ती चालतच राहिली. “अहो, हा तर पहिल्याइतकाच वेळ घेऊन राह्यला,” मी कसंबसं म्हणालो. ब्रश खिशात ठेवत तो म्हणाला, “प्रोसेसर बराबर हाय, साहेब. तुमचा प्रोग्रामच जुन्या डिस्कवरून एकेक भाव वाचत बसलाय.”