जम्मू, झाशी, तेजपूरमार्गे मनाली

कुरडयांचा चीक शिजत असताना दार वाजावं आणि घरात उठणारं दुसरं कुणी नसावं, हा योग माझ्या वाट्याला दर मे महिन्यात येतो. हे अंघोळीला गेले होते आणि आमची लेक सई गच्चीवर धोतर अंथरायला. ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात, म्हणून मी पातेल्यापाशी उभी राहूनच ओरडले, "कोण आहे? दार लोटा, उघडंच आहे!"

आत आला जोतीराम. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, हातात पत्र्याचा डबा आणि दातांत एक लिफाफा.

लिफाफा काढून म्हणाला, "वहिनी, लय घोळ झालाय. तेवढं कागदावर मांडून द्या."

"आधी हे धरा," म्हणत मी त्याच्या हातात दांडा दिला. जोतीराम चीक ढवळायला लागला आणि मी लिफाफा उघडला.

जोतीराम कुंडलच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. आमचे हे साखर कारखान्याच्या शेतकी विभागात, आणि जोतीराम तिथला स्लिपबॉय. ऊस तोडायची पाळी आली की शेतकऱ्याच्या नावाची स्लिप त्याच्या दारात नेऊन द्यायची, हे त्याचं काम. वय पस्तीस, मिशा भरघोस, दोन लेकी शाळेत, तरी हुद्दा बॉयच. हंगामात रोज पन्नास किलोमीटर सायकल, तीही बांधावरून, ढेकळांतून, पाटाच्या कडेनं. गेल्या वर्षी सांगलीच्या शर्यतीत पहिला आला तेव्हा त्याला जाड टायरची, गिअरची सायकल बक्षीस मिळाली. त्या दिवसापासून तो रोज सकाळी ती घेऊन सागरेश्वराचा डोंगर चढायला लागला. वस्तीवरच्यांना वाटे, नवस बोललाय.

लिफाफ्यातलं पत्र इंग्रजीत होतं. हिमाचलात सायकलची शर्यत. डोंगरवाटांनी रोज एक टप्पा, असे सात दिवस, आणि सातही दिवसांचा वेळ मिळवून निकाल. जोतीरामचा अर्ज मंजूर झाला होता. बारा जूनला संध्याकाळी पाचच्या आत मनालीला हजर व्हायचं. उशीर झाला तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि वयाची अट पस्तीस. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

"हे तर छान आहे की. घोळ कसला?"

त्यानं डब्याकडे मान केली. "ह्यो."

घोळ असा. जोतीराम 'वर' चाललाय ही बातमी वस्तीत पसरली. त्या भागात दोन घरांआड एक मुलगा पलटणीत. आणि वर जाणाऱ्या माणसानं पोराचा डबा न्यायचा, ही तिथली रीतच. सुटीवरून परतणारा जवान निघाला की त्याच्या स्वतःच्या ट्रंकेपेक्षा दुसऱ्यांची गाठोडी जास्त. वर म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायची पद्धत नाही. तेव्हा डिंकाचे लाडू, तीळकूट, खर्डा, काकवीची बाटली असं मिळून जोतीरामकडे सामानाचे नऊ डाग जमले होते. तीन इथं, सहा घरी.

"नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"आवं कसं म्हणू? हंगामात मी दारात गेलो की माणसं च्या पाजत्यात, आन् मी सांगतो, अजून तुमचा नंबर न्हाई. सहा म्हैनं न्हाई न्हाईच म्हणतोय. आता एकदा तरी व्हय म्हणायला नगं?"

हे मला पटलं. मी रेल्वेचं वेळापत्रक आणि सईचा भूगोलाचा नकाशा काढला. "सांगा, कुठं कुठं जायचंय?"

"एक नंबर जम्मू. दोन नंबर झाशी. तीन नंबर तेजपूर."

"तेजपूर आसामात आहे, जोतीराम!"

"शालूबाईचा ल्योक हाय तिथं. त्या म्हणल्या, थंडी तिथंबी हाय, म्हंजी जवळच आसंल."

"बरं. पण झाशी तर दिल्लीच्या वाटेवर आहे. आधी झाशी घ्या."

जोतीरामचा दांडा थांबला. "झाशीचा डबा दुसरा आलाय, वहिनी. जम्मूवालं केरबातात्या पयल्या दिवशी आलं. नंबर डावलला तर गावात काय म्हणत्याल?"

तेव्हा मला उलगडा झाला. या गृहस्थानं डबे आले त्या क्रमानं वहीत उतरवले होते आणि त्याच क्रमानं पोचवणार होता. दहा वर्षं स्लिपा वाटलेल्या माणसाला जगात क्रम म्हणून एवढा एकच माहीत. मी मुकाट्यानं तसं मांडलं. जम्मूला जाऊन परत खाली झाशी, झाशीहून तेजपूर, तेजपूरहून आडवं फिरोजपूर, मग अंबाला... गाड्या सगळ्या वेळेवर धावल्या असं धरूनसुद्धा मनाली आलं सत्तावीस जूनला.

"शर्यत कवा संपती?"

"एकोणीसला."

तेवढ्यात हे अंघोळ करून आले. चीक ढवळणारा जोतीराम बघून म्हणाले, "काय रे, बदली झाली का तुझी?"

त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोपं आहे, डबे परत कर." जोतीराम म्हणाला, "साहेब, तुमच्या सहीचं पत्र द्या, मग करतो. कागद दावला की माणसं ऐकत्यात." हे म्हणाले, "लाडवांसाठी कारखान्याच्या कागदावर सही? मला घरी बसवायचा बेत आहे का?"

मी नकाशा मिटला. "जोतीराम, नंबर डावलणं पाप ना?"

"व्हय तर."

"मग बारा जूनला मनालीत एक नंबर लागलाय. तुमचा. तुम्ही गेला नाहीत तर तो मागच्याला जाणार. तो डावललेला चालतो?"

त्याचा दांडा जोरजोरात फिरायला लागला. चिकाला एक गुठळी झाली नाही, हे इथं नोंदवून ठेवते. मग हळूच म्हणाला, "ह्ये कुणी सांगितलंच न्हाई मला." आणि लगेच, "पण गावात तुमीच सांगा."

रविवारी हे आणि मी स्कूटरवरून वस्तीवर गेलो. देवळापुढं माणसं जमली होती. निवृत्त सुभेदार मानसिंग मध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी नकाशा उघडून मनाली कुठं, तेजपूर कुठं, ते दाखवलं. दोन्हींच्या मध्ये माझी वीत पुरेना. "आठ तारखेला निघाला तरच जोतीराम वेळेवर पोचेल, आणि सायकलीखेरीज हातात एकच पिशवी हवी," असंही सांगितलं.

सगळ्यांना पटलं. फारच पटलं.

"खरं हाय," केरबातात्या म्हणाले. "बाकीच्यांचं डबं काढा. माझा काय, येवढुसा हाय."

"येवढुसा?" शालूबाई कडाडल्या. "पाच किलोचा डबा हाय त्यो! त्यात तुमचा ल्योक बसंल! माझी निस्ती पिशवी हाय."

"तुमची पिशवी आसामला चाललीया, आत्या!" मागून एक पोरगा ओरडला.

"मग? आसाम काय परदेशात हाय व्हय?"

मानसिंगांनी काठी आपटली. "गप! पोरगा शर्यतीला चाललाय का मालगाडी घिऊन? सगळ्यांनी आपापला डाग उचलायचा. सुटीवर आलेलं जवान पंधरा तारखेनंतर जात्यात, त्यांच्याकडं द्या. हुकूम हाय माझा!" मग जरा आवाज उतरवून मला म्हणाले, "आमच्या नातवाचं पठाणकोटला हाय. निस्तं एक स्वेटर. त्येला वजन न्हाई."

जोतीरामच्या बायकोनं देवळाच्या ओट्यावर मांडलेले डाग एकेक करून परत गेले. स्वेटरही गेला, सुभेदार त्याच्याकडे बघत राहिले, पण हुकूम त्यांचाच होता. शेवटी शालूबाई राहिल्या. पिशवी त्यांनी उचलली खरी, पण काखेतच धरून ठेवली.

"जाऊ द्या बाई त्येला," माझ्याजवळ येऊन त्या गोड आवाजात म्हणाल्या. "गावाचं नाव निघंल. आमी आडवं कशाला येऊ? आठ तारखंला कराडला गाडी किती वाजता हाय? निदान ठेसनावर ववाळायला तरी येतो."

मागं डबा घेऊन उभे असलेले केरबातात्याही पुढं सरकले. "व्हय, व्हय. आमीबी येतो की ववाळायला."

मी वेळ सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात जोतीराम म्हणाला, "चला वहिनी, स्कूटरपत्तुर सोडतो," आणि मला जवळजवळ ओढतच घोळक्यातून बाहेर घेऊन आला. यांनी स्कूटर सुरू केली. जोतीरामनं एकदा मागं वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, माझं येकच मागणं हाय. गाडीची येळ गावात कुणाला सांगू नका."