सवाष्णीचं पान

मला हॉस्पिटलातल्या सिस्टरने फसवलं. माझ्याकडून खरं काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही.

मी हिंदी मुलखात, दुर्गाघाटच्या मराठी गल्लीत दाराच्या फळीवर वाती, कुंकू, जानवी विकते. पायाच्या दुखण्याने नवऱ्याची भिक्षुकी सुटली, तेव्हापासून घर माझ्या जिभेवर चालतं. घासाघिशीत जो आधी आपला भाव बोलतो तो बुडतो, हे मी स्वतः बुडूनच शिकले.

लेकीचं वजन वाढेना, म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं. तिथे बाकावरच सिस्टरने विचारलं, "दीदी, महीने के आख़िर में राशन ख़तम हो जाता है? बच्ची को खिलाकर आप भूखी रहती हैं?"

"मेरा व्रत रहता है," मी ठसक्यात म्हटलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी. रिकाम्या ताटाला देवाचं नाव पुरतं.

लेक म्हणाली, "आई, पण काल तर बुधवार होता. काल कोणतं व्रत?"

मी डोळे वटारले. सिस्टर मात्र वाकून हळूच म्हणाली, "बता दीजिए. बात यहीं रहेगी. मदद मिलेगी."

इतक्या मऊ आवाजात माझ्याशी कित्येक दिवसांत कोणी बोललं नव्हतं. मी सांगून टाकलं.

ती उठली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नोंदी लिहिणाऱ्या बाईंना ओरडून म्हणाली, "सुनिए, इनके यहाँ भी खाना पूरा नहीं पड़ता!"

मागे रांगेत आमच्याच गल्लीतल्या काकू होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, दूध द्या, फळं द्या. मदत ती एवढीच.

दर नवरात्रात काकूंकडे सवाष्ण म्हणून माझं पान असायचं. पाट, रांगोळी, वाढताना आग्रह. यंदा बोलावणं आलं नाही. दुपारी काकूच दारात उभ्या, हातात डबा.

"तुला बसायला वेळ नसेल ना, दुकान असतं. लेकीला दे हो."

"मी कधी वेळ नाही म्हटलं, काकू?"

त्या डबा फळीवर ठेवून वळल्या. डबा भिरकावायला उचललेला माझा हात लेक बघत होती. मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. ती जेवली. मी फळीवर बसून काकूंकडच्या पंगतीचा आवाज ऐकत राहिले.

सिस्टर, वजन बघायला तुम्ही आम्हाला पुन्हा बोलावलंय. मी येणार आहे. या वेळी विचारणार मी. बात यहीं रहेगी म्हणालात, ती माझ्या गल्लीत कशी पोचली? मदत कुठे अडली? आणि माझं पान मला कोण परत देणार? त्याच बाकावर, सगळ्यांच्या देखत, उत्तर द्या.