डाव्या गुडघ्याची नोंद

डॉक्टरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली नाही. जमिनीवर टाकली.

"उचल," ते म्हणाले. "वाकायची सवय आहे की तुम्हा लोकांना."

खोलीत माझ्यासोबत काम करणारे आणखी दोघे होते. त्यांनी मान स्क्रीनमध्ये घातली. मी वाकले. फाइल उचलली.

म्हसळ्याकडच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मी कोडिंग करायची. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड लावायचा आणि कागद विमा योजनेकडे पाठवायचे. त्यावरून हॉस्पिटलला उपचाराच्या पैशांची मंजुरी मिळते. गुडघ्याचं दुखणं वेगळं, गुडघ्याची झीज वेगळी. डावा वेगळा, उजवा वेगळा. नोंदीत नाही ते टाकायचं नाही.

फाइल यशोदाकाकूंची होती. सुपारी सोलून पोट भरणारी बाई. नोंदीत एवढंच होतं: डावा गुडघा दुखतो, थोडी सूज. एक्स-रेसुद्धा काढलेला नव्हता.

"दोन्ही गुडघे, तीव्र झीज," डॉक्टर म्हणाले होते. "ऑपरेशनची मंजुरी घ्यायचीय."

"सर, नोंदीत तसं नाही," एवढंच मी बोलले होते. त्यावर फाइल खाली आली होती.

मला त्यांची भीती वाटायची. नोकरीची होतीच. पण आमचं घर त्यांच्या वाडीच्या कडेला, त्यांच्याच जागेत. आई त्यांच्याच वाडीत राबते. त्यांची गाडी दिसली की आमच्याकडे आवाज खाली येतात. लहानपणापासून.

दुपारी काकू खिडकीशी आल्या. भिंत धरून.

"बाय, माजा डावाच गुडगा दुकतो. उजव्याला कवा काय झाला न्हाय. डॉक्टर बोलतात दोन्ही बदलायचे. चांगला पाय पन कापनार हाईत काय?"

मागे दार उघडं होतं. कोणीही ऐकलं असतं.

"काकू, आज भरती होऊ नका," मी हळूच म्हणाले. "सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा."

त्यांनी कागद पिशवीत घातले. मग लंगडत निघून गेल्या.

संध्याकाळी डॉक्टर आले. "झालं?"

"नाही, सर." मी फाइल पुढे केली. "एक्स-रे काढून झीज आहे असं तुमच्या सहीनं लिहून द्या. मग मी कोड टाकते."

ते हसले. "कोणाच्या जागेत राहतेस, माहितीये ना?"

"माहितीये."

त्यांच्यासमोरच मी कोड टाकला. गुडघेदुखी, डावा. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मला आत घेतलं नाही. आठवडा गेला नाही तोच वाडीचा मुकादम आईला येऊन सांगून गेला, दुसरीकडे जागा बघा. काकूंना सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. ऑपरेशनचं कोणी नावही काढलं नाही. पण माझ्यासारखंच काम करणारं कोणीतरी आता माझ्या खुर्चीवर बसलंय. त्याच्यासमोर कोणाचे गुडघे आहेत, मला माहीत नाही.

काल डॉक्टरांविरुद्ध तक्रार लिहायला बसले. आई शेजारी होती.

"आडनाव नको लिवू, बाय," ती म्हणाली. "वाचला की कचऱ्यात टाकतील. नायतर त्यांची मानसं घरावर येतील."

आईचं खोटं नाही. मलाही तीच भीती आहे. रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून कडी तपासते.

उद्या अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन तक्रार देणार आहे. खाली नाव लिहिलंय. आडनावासकट.