चिमाजीचा समुद्रातला राब

विंझरचा चिमाजी अंतर कधी मैलात मोजत नसे. नसरापूर किती लांब म्हणून कुणी विचारलं, तर "न्याहारी करून निघालं की जेवायला पोचतं" म्हणायचा. अशा माणसाला सरकारनं लढाईच्या धामधुमीत, त्रेचाळीस साली, नेऊन ठेवलं कुठं, तर भर समुद्रातल्या एका बेटावर! बेट एवढंसं, की चालायला लागावं तर दोन चिलमींत संपायचं. तिथं विमानं उतरायची धावपट्टी होती आणि ती ठोकून सारखी ठेवणं हे चिमाजीच्या टोळीचं काम.

दुसरं असंच बेट साडेपाचशे मैलांवर होतं. तिथून निघालेलं विमान चार तासांत यायचं. म्हणजे चिमाजीला नसरापूर गाठायला लागायचे तेवढ्याच वेळात! याचं त्याला भारी कौतुक.

एके दिवशी विमान दहाला निघाल्याचा बिनतारी निरोप आला. दोन वाजले, अडीच वाजले, विमानाचा पत्ता नाही. आत सात माणसं आणि तेल जेमतेम साडेपाच तासांचं. धावपट्टीवरचा गोरा साहेब सारखा घड्याळ बघत होता.

"घोटाळा कशाचा झालाय ठावं हाय का?" वरव्याचा मानसिंग हवालदार म्हणाला. "समुद्रावर ढगांच्या सावल्या पडल्यात. वरनं बघणाऱ्याला समदी बेटंच दिसत्यात. आपलं कोणचं, कसं कळावं?"

"मग आपलं धुरानं दावा की!" चिमाजी म्हणाला.

मानसिंगानं साहेबाला सांगितलं. साहेबाला पटलं. शिपायांनी झावळ्या रचल्या, रॉकेल ओतलं, काडी लावली. भडका उडाला आणि घटकेत राख झाली. धूर म्हणाल तर नावाला.

चिमाजीचं डोकंच फिरलं. "होळी पेटिवताय व्हय? बाजूला व्हा!"

भाताचं रोप टाकायच्या आधी वेल्ह्याकडं जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. चिमाजीनं तोच घातला. खाली सुक्या झावळ्या, वर ओला पाला, त्यावर गवत आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर. साहेब वाऱ्याच्या बाजूनं काडी लावायला वाकला, तशी चिमाजीनं सरळ त्याच्या हातातली पेटी घेतली. राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा, म्हणजे तो धुमसत राहतो, हे विंझरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक!

पांढराशुभ्र दाट धूर आभाळाला भिडला. सव्वातीन झाले. विमानाची घरघर आली तेव्हा चिमाजी अजून पाला टाकतच होता. विमान टेकलं आणि धावपट्टीच्या मध्यावरच त्याचं इंजिन बंद पडलं. तेल संपलं होतं. आपण भलत्याच सावलीकडं वळलो होतो, धूर दिसला म्हणून फिरलो, असं वैमानिकानं सांगितलं. साहेबानं सगळ्यांदेखत चिमाजीला कडक सलाम ठोकला.

लढाई संपली, चिमाजी घरी आला. पुढच्या चैत्रात बांधावर त्यानं ही हकिगत सांगितली, तर शेजारचा ज्ञानू हसला. "राब तर आमीबी दर साली भाजतो. त्यात काय मोठं?"

चिमाजी खाली मान घालून माती पसरू लागला.

पाल्याचा भारा घेऊन आलेली त्याची बायको ठकुबाई तिथंच थांबली. तिनं भारा दाणकन खाली टाकला.

"भाजता की, भावजी. तुमच्या राबात भात उगवतं. ह्यांच्या राबात सात माणसं उगवली!"