माजीसांच्या टाक्यातला गणपती

आमच्या घरच्या गणपतीचं एकदा विसर्जन झालं आणि अर्ध्या तासात ते रद्द झालं.

असं कधी होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. सांगलीत कृष्णेच्या काठावर मी कळायला लागल्यापासून गणपती बुडवत आले होते (म्हणजे वडील बुडवायचे आणि मी झांज वाजवायची), पण पाण्यात गेलेला देव त्याच दिवशी पुन्हा वर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो पराक्रम माझ्या हातून व्हायचा होता, आणि तोही थेट बिकानेरात!

लढाईचे दिवस होते. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. आमचे हे विट्याकडचे. (नाव घ्यायला लावू नका, उखाणा आठवत नाही.) धंदा गलाईचा. म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ, भट्टीची राख, असला सगळा केर आणायचा आणि तो धुऊन, भट्टीत आटवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. ह्या धंद्यापायी विट्याकडची माणसं हिंदुस्थानात कुठं कुठं जाऊन बसली आहेत, त्याला सुमार नाही. हे बिकानेरला जाऊन बसले होते. श्रावणात मला न्यायला आले.

चार ठिकाणी गाड्या बदलल्या. प्रत्येक बदलीला खिडकीतलं हिरवं थोडं थोडं कमी व्हायला लागलं, आणि शेवटच्या गाडीत ते संपलंच.

"आवं, हे रान कुणाचं हो?" मी विचारलं.

"रान न्हवं, वाळू हाय ती."

"आन् त्याच्या पलीकडं?"

"ती बी वाळूच."

"आन् तिच्या पलीकडं?"

"तिच्या पलीकडं आपली खोली!" असं म्हणून ह्यांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि झोपून गेले.

स्टेशनावर उतरले तर तोंडावर अशी झळ आली, की मला वाटलं, ह्यांनी मला न्यायला भट्टीच बोलावून घेतली आहे! पण खोटं कशाला सांगू, गावात शिरले आणि बघतच राहिले. तांबड्या दगडाची उंच उंच घरं, त्यांच्या खिडक्यांवर लाकडावर करावी तशी दगडावर नक्षी, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की उन्हाला आत यायला वाटच नाही. बाहेर आभाळ तापलेलं आणि गल्लीत चक्क गारवा! ज्यानं हे गाव वसवलं त्याच्या डोक्याला माझा तिथंच नमस्कार.

आमची खोली एका अशाच मोठ्या घरात होती. घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली 'माजीसा' म्हणायची. साठीच्या पुढच्या, ताठ, पिवळी ओढणी डोक्यावरून घेतलेल्या. मुलं, सुना, नातवंडं मिळून अकरा माणसांचं घर, आणि अकराही माणसं त्यांच्या भुवईकडं बघून हलायची. मला त्या 'बीनणी' म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. (त्यांचं बोलणं मी आपलं मराठीतच सांगते. त्यांची मारवाडी मला तेव्हाही निम्मीच कळायची.)

पहिल्याच सकाळी मी शहाणपणा केला. सांगलीच्या मुलीनं दारात सडा घालायचा नाही तर करायचं काय? घेतली बादली आणि घातला ऐसपैस सडा! माजीसा उंबऱ्यात आल्या, त्यांनी त्या ओल्या जमिनीकडं पाहिलं आणि मटकन खालीच बसल्या. ती बादली म्हणजे आमच्या दोघांचं दिवसभराचं पाणी होतं. पखालवाला दुसऱ्या दिवशीच येणार होता. रांगोळी मात्र छान आली होती.

मग मी एकेक शिकायला लागले. भांडी पाण्यानं घासायचीच नाहीत, कोरड्या वाळूनं घासायची, आणि ती अशी लखलखतात की त्यात बघून कुंकू लावावं. आंघोळ खाटेवर बसून करायची, खाली परात ठेवायची. परातीतल्या पाण्यात धुणं, धुण्याच्या पाण्यात फरशी, आणि उरलेलं झाडाला. एक तांब्या पाणी त्या घरात इतक्यांदा कामाला येई की त्याला पेन्शन द्यावी! ह्यांना मी म्हटलं, "आवं, तुमी धुळीतनं सोनं काडताय, त्याचं काय कवतिक? ह्या बायकांकडं बघा की जरा." हे म्हणाले, "लय झालं, आता भाकरी वाढ."

आणि अंगणाच्या मधोमध ते टाकं होतं.

जमिनीत बांधलेलं, वर चुन्याचा गोल कठडा, त्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली माजीसांच्या कमरेला. मी आल्यापासून ते कुणी उघडलेलं पाहिलं नव्हतं. रोज सकाळी माजीसा त्याच्याभोवती झाडायच्या, कठड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या, हात जोडायच्या. कुणी चपला घालून जवळ गेलं की ओरडायच्या. मी ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "आसंल त्येंचं कायतरी देवाचं." दिवसभर भट्टीपुढं बसणारा माणूस, त्यांना त्या घराची रीत माझ्याइतकीच ठाऊक!

मी मनाशी पक्कं केलं, हे तीर्थ आहे.

एवढ्यात चतुर्थी आली. तिकडं आपल्यासारख्या मूर्ती मिळत नाहीत, पण मुलतानी माती ढीगभर मिळते. ती भिजवून मी वीतभर उंचीचा गणपती केला. हळदीचं पितांबर, कुंकवाचा टिळा, पायाशी उंदीर. सोंड जरा आखूड झाली, पोट जरा जास्त झालं (ह्यांच्यावर गेला, असं मी म्हटलं नाही), पण डोळे इतके प्रसन्न आले की मलाच रडू आलं. माजीसांनी बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. घरातली अकराही माणसं आमच्या खोलीत आरतीला येऊन उभी राहिली. एक शब्द कळत नसताना टाळ्या मात्र तालात!

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. आता सोडायचा कुठं?

"नदी कितीक लांब आसंल?" मी विचारलं.

"कंची?"

"कंची बी चालंल."

"चार गाड्या मागं ऱ्हायली," हे म्हणाले.

तेव्हा मला टाकं आठवलं. आमच्याकडं ज्या पाण्याला हळदकुंकू वाहायचं, त्यातच सगळं सोडायचं, ही जन्माची सवय. कृष्णेची ओटी भरायची आणि निर्माल्यही तिलाच द्यायचं. म्हणजे ज्या पाण्याची रोज पूजा होते, ते देव सोडायचंच पाणी! ह्यात मला तरी कुठं खोट दिसेना. मी माजीसांकडं गेले, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हटलं, देवासाठी टाक्याचं पाणी पाहिजे. देवासाठी म्हटल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. घरच्या सुनांनाही कधी न मिळालेली किल्ली!

झाकण उघडलं तर पाणी खूप खाली, काळंभोर आणि आरशासारखं. एवढ्या उंचीवरून देव फेकायचा कसा? मग माझ्या माहेरच्या पितळी बादलीत गणपती बसवला, शेजारी दुर्वा आणि दोन मोदक ठेवले आणि दोरीनं हळूहळू खाली सोडला. बादली बुडाली. आता ती आतल्या आत उपडी करायला हवी होती, पण हे दोरी डावीकडं ओढत आणि मी उजवीकडं, त्यामुळं ती काही उपडी होईना.

"ऱ्हाऊं दे," हे म्हणाले, "इरघळंल सावकाश."

दोरी कडीला बांधली, आणि दोघांनी पोटातून आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

आरोळीनं सगळं घर अंगणात आलं. सर्वांत पुढं माजीसा. त्यांनी टाक्यात डोकावून पाहिलं. दुर्वा तरंगत होत्या, एक मोदक वर आला होता, आणि खालून पिवळा ढग हळूहळू पसरत होता.

"बीनणी," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "हे आमचं प्यायचं पाणी आहे."

मला आधी कळेना. मग थोरल्या सुनेनं रडत रडत सांगितलं. मी यायच्या आठच दिवस आधी त्या वर्षाचा एकुलता एक पाऊस पडून गेला होता. गच्ची झाडून, पुसून, थेंब न् थेंब त्या टाक्यात उतरवला होता. विहिरीचं पाणी पुढं आटायचं, मग ह्याच पाण्यावर अकरा माणसांनी पुढच्या पावसापर्यंत दिवस काढायचे. आणि त्यात मी पितांबरासकट गणपती सोडला होता!

मी दोन्ही हातांनी कान धरले. ह्यांना मात्र भलताच जोर चढला. त्यांनी सदरा काढला, धोतराचा काचा मारला.

"सरा बाजूला! लहानपनी इहिरीत कमी मुटकं मारल्यात व्हय म्या? आत्ता काडतो वर!"

"पाय?" माजीसा किंचाळल्या. "त्या पाण्यात पाय घालणार?" दोन मुलगे धावले आणि त्यांनी ह्यांना कठड्यावरच धरलं. एक पाय आत, एक बाहेर, अंगात नुसतं धोतर, असे आमचे हे बिकानेरच्या भर दुपारी सगळ्या गल्लीला दिसत होते. (गल्ली तोवर गच्चीवर जमली होती.)

माजीसांनी मग सरळ दोरीला हात घातला. आणि मी, अजून कान धरून उभी असलेली मी, एकदम त्यांच्या आडवी गेले!

"न्हाई! देव बुडाला की बुडाला! इसर्जन झाल्याला देव वर काडायचा न्हाई! लय वंगाळ आसतंय ते!"

"अगं, सोड!" कठड्यावरून हे.

"तुमी गप बसा!"

"ती काय म्हणते?" माजीसांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी तशाच अवस्थेत सांगितलं. त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "बीनणी, तुझा देव विघ्न दूर करणारा ना? मग अकरा जणांच्या घशाला कोरड पाडून तो खाली सुखानं बसेल का? तूच सांग."

मी बाजूला झाले, आणि दोरीला त्यांच्याबरोबर माझाही हात लावला.

बादली वर आली. सोंड गेली होती, हात गेले होते, उंदराचा पत्ता नव्हता, पण ते भलंमोठं पोट तसंच होतं, आणि वरती एक डोळा, अजूनही प्रसन्न! मला वाटलं, आता माजीसा माझ्या नावानं बोटं मोडणार, आमचं बिऱ्हाड गल्लीत जाणार. पण त्यांनी डोक्यावरची ओढणी नीट केली आणि त्या बादलीला वाकून नमस्कार केला. मग दारातल्या खेजडीच्या झाडाशी ती नेली आणि आमचा गणपती पाण्यासकट त्याच्या मुळाशी ओतला. एक थेंब वाया नाही!

मी हमसून हमसून रडायला लागले. त्यांनी माझी पाठ थोपटली. "तू पाण्याला देव मानलंस, त्यात काय चुकलं? आम्हीही मानतो. आम्ही फक्त त्याला हात लावत नाही." इतकं मोठं नुकसान आणि इतका लहान ओरडा मी आयुष्यात दुसरीकडं पाहिला नाही.

मग त्यांनी तुरटीचा खडा फडक्यात बांधून पाण्यात फिरवला, झाकण लावलं आणि किल्ली कमरेला खोवली (दोन गाठी मारून). चार दिवस टाकं उघडायचं नाही. पाणी निवळलं तर घर वाचलं, नाही तर उपसून टाकायचं.

संध्याकाळपासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. भांडायला येत असतील म्हणून मी दाराआड उभी राहिले. पण प्रत्येकीच्या डोक्यावर आपापल्या टाक्यातलं पाणी भरलेली घागर! तूप जपावं तसं पाणी जपणारी ती माणसं, आणि न मागता दुसऱ्याच्या अंगणात घागर उतरवून ठेवत होती. एकीनं जाताजाता मला विचारलं, "तुमच्या देवांत आणखी कुणाला पोहायला आवडतं का?" मी नाही म्हटलं. गौरी असतात, हे मी कुणाला बोलले नाही.

ते चार दिवस मी येता-जाता टाक्याच्या कुलपाला हात जोडत होते. पाचव्या सकाळी सगळं घर टाक्याभोवती उभं राहिलं. माजीसांनी झाकण उघडलं, बादली ओढली. पाणी लख्ख! बादलीच्या तळाचा पितळी ठोका दिसत होता. त्यांनी तांब्या भरला. मला वाटलं, थोरल्या मुलाला देतील. पण मुलाला ओलांडून, सुनांना ओलांडून त्या सरळ माझ्यासमोर आल्या.

"बीनणी, आधी तू पी."

काय ते पाणी! गार, गोड. कृष्णामाईनं मला क्षमा करावी, पण तसं पाणी मी सांगलीतही प्याले नाही. तांब्या रिकामा केला आणि माजीसांच्या पाया पडले.

पुढं वीस वर्षं मी ही गोष्ट जाईल तिथं सांगितली. एवढा अपराध करूनही त्या थोर बाईनं पहिला घोट मला दिला, केवढा हा मान! परवा पाहुण्यांना सांगत होते, तेव्हा हे कोपऱ्यात बसून हसायला लागले.

"मान? अगं, तू पानी प्यालीस आन् समदं घर दिस मावळंस्तवर तुझ्या तोंडाकडं बघत बसलंवतं, ते दिसलं न्हाई व्हय तुला? तू धडधाकट सैपाकाला उठलीस, तवा कुठं त्येंनी त्या पान्याला तोंड लावलं!"

खरंच की! त्या दिवशी माजीसांनी मला तीनदा विचारलं होतं, "बीनणी, पोट बरं आहे ना?" आणि त्या मायेनं गहिवरून जाऊन मी सांगलीला आईला लिहिलं होतं, की इथं माझी सख्ख्या लेकीसारखी चौकशी करतात!