सहा काळे पडदे आणि चार ओळी

अकरा ऑक्टोबर, सोमवार. रक्कम चार हजार आठशे. हजर आम्ही तिघे: साखरखेर्ड्याच्या शाळेचे मुख्याध्यापक, शिपाई आणि मी. शाळेच्या सहा कॉम्प्युटरवर मी फुकट मिळणारी, सगळा कोड उघडा असलेली, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली बसवून दिली होती. मजुरी अडली होती, कारण लाइट जाऊन आली की सहाही पडदे काळेच राहत. मुख्याध्यापक म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर हे काढून विकतची टाकू. मजुरीपेक्षा मला ते ‘काढून’ जास्त लागलं. गावात ही प्रणाली मीच आणली होती.

माझ्या घरी तसाच कॉम्प्युटर, तेच ग्राफिक्स कार्ड. एकोणीस वेळा मेन स्विच पाडला. एकोणीसही वेळा पडदा उजळला. फ्रिजनं तुमचं काय घोडं मारलं, असं बायकोनं विचारलं. शाळेत अकरा वेळा लाइट गेली. अकराही वेळा काळं. शेवटी टेबलाखाली शिरून वायरी मोजल्या. इन्व्हर्टरवर बारा हव्या होत्या, निघाल्या सहा.

“मॉनिटर इन्व्हर्टरवर काऊन नाहीत?” मी शिपायाला विचारलं.

“सरनंच सांगतलं, बॅटरीवर लोड नको टाकू. डब्बे चालू राह्यले म्हणजे झालं. पडदे म्या सरळ लाइनीवर घेतले.”

आमच्याकडे निम्म्या ऑफिसांत असंच असतं. लाइट गेली की पडदा बंद, कॉम्प्युटर चालू. माझ्या घरी इन्व्हर्टर नाही, म्हणून दोन्ही एकदमच बंद पडून एकदमच चालू होत. पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, वाटे, मॉनिटर कोणी काढून नेला; मग तो पुन्हा बघतच नसे. सहा वायरी बदलता आल्या असत्या, पण बॅटरी टिकली नसती आणि चूक प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, तशीच राहिली असती.

मी चार ओळी लिहिल्या: दर दहा सेकंदांनी मॉनिटर आला का बघ. घरचे आणि शाळेतले आकडे जोडून ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थाला पाठवल्या. मॉनिटर वेगळ्या लाइनवर कोण लावतं, असं त्यानं विचारलं. मी आमच्या भारनियमनाचं वेळापत्रक कळवलं. त्यानं एक ओळ वरखाली केली आणि माझ्या नावानिशी हा पॅच, ही दुरुस्ती, मूळ प्रणालीत घेतली. मी ती शाळेच्या सहाही कॉम्प्युटरवर चढवली.

सुट्टीच्या तीन दिवस आधी मुख्याध्यापकांनी स्वतः मेन स्विच पाडला आणि वर केला. मी सेकंद मोजत होतो. सातला पहिला पडदा उजळला, दहाच्या आत सहाही.

“म्हणजे आता ते लोक आपल्या लाइटचाही हिशोब धरतात,” मुख्याध्यापक म्हणाले.

मी शिपायाला दोनशे देऊ केले; त्यानं घेतले नाहीत, पावतीवर साक्षीदार म्हणून सही मात्र ठळक केली. चार हजार आठशे, पूर्ण, शाळेनं मला दिले.