हेमराजच्या बोडीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हेमराजला ओळखत नाही. ओळखत असता तर आत्ताच त्याची बाजू घेऊन बसला असता.

दोन हजार चार-पाचचा सुमार. गोंदियात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघं एकाच प्रोजेक्टवर. मी मुर्रीहून सायकलने येणारा, बढाया मारण्यात पुढे. तो चिचगडकडचा, कोहळी घरातला. पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारी ही माणसं. त्यांच्या घरी पाण्याची खोली मोजायचा एक बांबू होता आणि तो थोरल्या मुलाच्या हाती जायचा. म्हणजे हेमराजच्या.

आमचा प्रोजेक्ट काय, तर गावांतल्या तलावांमध्ये पाणी किती ते काढायचं. त्यासाठी लॅबमधले जुने संगणक तारांनी जोडले. प्रत्येकाने एकेका तलावाच्या खोलीचे आकडे मुख्य संगणकाकडे पाठवायचे, मुख्य संगणकाने बेरीज करायची. (खरं तर एकट्या संगणकानेही चहा येईपर्यंत हे उरकलं असतं. पण मग प्रोजेक्ट कशाला म्हणायचं?) मापं हेमराजची, प्रोग्राम माझा. आणि त्या प्रोग्रामची शेखी मी साऱ्या लॅबभर मिरवलेली.

सरांपुढे चालवून दाखवला. हेमराजच्या गावची बोडी – बोडी म्हणजे एवढंसं तळं, म्हशी बसल्या की भरलं – ती निघाली मोठ्या तलावाच्या बरोबरीची.

लॅब हसली. "काऊन बे हेमराज, बोडीत समुद्र भरून राहिला का?" हेही मीच म्हणालो. सर म्हणाले, माप गलत है, फिरसे नापके लाओ. हेमराज आधी अडला – "मी कायले चुकीन? बांबू माह्या हातचा आहे." मग त्याने गावी जाऊन पुन्हा मोजायचं कबूल केलं.

संध्याकाळी मी एकटाच प्रोग्राम उघडून बसलो, आणि सापडलं. आलेले आकडे ठेवायला मी शंभराची जागा राखली होती. मोठ्या तलावाने शंभर आकडे पाठवले. मग त्याच जागेत बोडीचे मोजके आकडे आले, आणि त्यांच्यामागे तलावाचे जुने आकडे तसेच पडून राहिले. पंगतीत उष्टी पत्रावळ न उचलता नवा पाहुणा बसवावा आणि सगळं त्यानेच खाल्लं म्हणावं, तसं झालं. आता नेमके किती आकडे आले, हे विचारायची सोय असते. एका ओळीचं काम. मी विचारलंच नव्हतं.

ती ओळ मी तिथेच घातली. बोडी पुन्हा बोडीएवढी झाली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि हेमराज? तो सकाळच्या एसटीने जाणार होता. त्याची खोली कॉलेजच्या मागेच. मी सायकल काढली, त्याच्या दारावरून गेलो, आत दिवा होता – आणि थेट मुर्रीला आलो.

तो ऐन थंडीत छातीभर पाण्यात उतरला. मधल्या दिवसांत पाणी थोडं खाली गेलं होतं, म्हणून आकडेही थोडे वेगळे आले. उत्तर बरोबर निघालं. "पाहा, नीट मोजलं की येते," मी सगळ्यांदेखत म्हणालो. त्याने मान डोलावली. मग हसत म्हणाला, "माप चुकलं म्हणून बाबूजीनं बांबू लहान्या भावाले देला. म्हणते, तू कम्प्युटरच पाय." हसत होता, पण वडिलांनी काढून घेतलेला बांबू गेला तो गेलाच.

आता तो नागपुरात चांगल्या नोकरीवर आहे, पोट सुटलंय, दर लग्नात भेटतो. आणि दर लग्नात तो किस्सा तोच सांगतो. बोडीचा समुद्र कसा केला, बाबूजी कसे बघत राहिले, सगळं नकलांसकट. फार छान सांगतो. मांडव हसतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पुतणीच्या लग्नात त्याने तो पुन्हा रंगवला. म्हातारे बाबूजी समोरच खुर्चीवर होते. किस्सा संपवून हेमराज माझ्याकडे वळला – "सांग बे, तू होता नं तिथी?"

होतो, म्हणालो. आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो.